युद्धपटातल्या बंदुका कशा तपासायच्या : एका जुन्या आर्मररची पद्धत

सिनेमा सुरू झाला की आधी साल पकडा. पाटीवर येतं, कुणाच्या तरी तोंडी येतं, नाहीतर लढाईच्या नावावरून कळतं. साल हाती लागेपर्यंत बंदुकीबद्दल एक अक्षर बोलू नका. आमच्या वेंगुर्ल्यात पडवीत चार पोरं मोबाइलवर युद्धपट लावून बसतात आणि पहिल्या गोळीलाच विचारतात, "काका, ही बंदूक खरी आसा काय?" माझा उलटा प्रश्न ठरलेला : लढाई कुठल्या सालची?

मी आर्मरर होतो. कागदावर ईएमईचा, म्हणजे सेनेच्या दुरुस्ती शाखेचा, पण उमेदीची वर्षं गेली पायदळाच्या पलटणींबरोबर, कोतमध्ये. कोत म्हणजे पलटणीच्या हत्यारांची खोली. तिथे आलेली बिघडलेली एसएलआर (स्वतः भरणारी रायफल), कार्बाइन (छोटी आखूड बंदूक), एलएमजी (हलकी मशीनगन) आणि पुढे इन्सास (नंतरची भारतीय रायफल) उघडायची, रोग शोधायचा, बरी करून परत द्यायची. लढाईच्या गप्पा मारायचा हक्क माझा नाही, तो ज्यांनी लढल्या त्यांचा. पण बंदूक हातात कशी वागते हे मला कळतं, आणि पडद्यावर ती तशी वागते का एवढंच इथे सांगणार आहे.

तर साल. भारतीय सिनेमापुरतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. १९४७-४८ च्या काश्मीर लढाईत जवानाच्या हातात .३०३ ची बोल्ट रायफल हवी, म्हणजे दर गोळीला बोल्टचा दांडा हाताने मागे-पुढे करायची; सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, ब्रेन ही हलकी मशीनगन, कुणाकडे स्टेन कार्बाइन. १९६२ लाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांची तुकडी लढली ती याच .३०३ घेऊन, समोरच्या चिन्यांकडे मात्र आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. त्या प्रसंगात आपल्या जवानाच्या हाती एसएलआर दिसली तर ती निव्वळ बंदुकीची चूक राहत नाही, सगळ्या लढाईचा अर्थच बदलतो. १९६५ ला .३०३ आणि एसएलआर दोन्ही दिसल्या तरी चालतं. १९७१ ची म्हणजे ७.६२ एसएलआर, लाकडी बटाची, लांबलचक. १९९९ च्या कारगिलला इन्सास, सोबत एके आणि लांबून नेम धरायची ड्रागुनोव. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकमध्ये सिग ७१६ रायफल दिसली तर हसून पुढे चला, तिचा करारच २०१९ चा.

आता .३०३ म्हटली तरी ती एक नव्हे. तोंड बोथट असेल, म्हणजे नळीच्या टोकावर लोखंडी टोपण बसवल्यासारखं सपाट दिसत असेल, तर ती जुनी नंबर एक मार्क तीन. नळीचा बोटभर तुकडा पुढे बाहेर डोकावत असेल तर ती नंबर चार, दुसऱ्या महायुद्धातली. मॅगझिन दोन्हींचं दहा गोळ्यांचं. आणि मॅगझिन जरा मोठं, चौकोनी डब्यासारखं खाली लोंबत असेल तर ती इशापूरची ७.६२ वाली, बारा गोळ्यांची. ती बनायला लागली १९६२ च्या लढाईनंतर. पहिल्या महायुद्धाच्या सिनेमात ही चौकोनी डब्याची रायफल दिसली की समजायचं, प्रॉपवाल्याला जी मिळाली ती त्याने आणली.

आणि ह्याबद्दल मी त्याला माफ करतो, हे आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा. प्रतिबंधित बोअरची हत्यारं, म्हणजे आपोआप चालणारी आणि लष्करी गोळीची, खाजगी माणसाला सहजासहजी मिळतच नाहीत. सिनेमावाल्याने १९७१ च्या शंभर एसएलआर आणायच्या कुठून? तो लाकडाच्या, फायबरच्या, गॅसवर भडका उडवणाऱ्या बंदुका भाड्याने आणतो, उरलेली आग संगणकावर काढतो. सेनेने मदत केली असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे मॉडेल चुकलं तर मी फार तर अर्धा गुण कापतो. पण बंदूक धरायची कशी, भरायची कशी, रिकामी झाल्यावर काय करायचं, हे शिकवायला एक पैसा लागत नाही. एखादा निवृत्त उस्ताद दोन दिवस बोलावला की झालं. तिथे चूक दिसली की माझी कात्री पूर्ण चालते.

पहिली कात्री मोजणीची. घड्याळात बघत बसायची गरज नाही, मनात सेकंद मोजा. एकेचा वेग मिनिटाला सहाशेच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दहा. मॅगझिनमध्ये तीस. बोट दाबून धरलं तर तीन सेकंदांत खेळ खलास. ९ एमएमच्या कार्बाइनच्या चौतीस गोळ्या चार सेकंदही पुरत नाहीत. ब्रेनचं मॅगझिन तिसाचं, पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून भरतात अठ्ठावीस, तेही साडेतीन सेकंदांत संपतं. आता नायक खांबाआडून बाहेर आला, धावत धावत पायऱ्या चढला, वर तिघांना लोळवलं, मध्ये एक वाक्यही बोलला आणि बोट अजून ट्रिगरवर दाबलेलंच. मोजा तुम्ही. मग ह्या मोजणीवरून दुसरी गोष्ट कळते : ज्याला जगायचं आहे तो बोट दाबून धरतच नाही. तो दोन, तीन, थांब, पुन्हा दोन, असं मारतो. पडद्यावर कुणी असं मारताना दिसला की समजा, सेटवर जाणता माणूस होता.

त्यातही हत्याराप्रमाणे बघा. पायदळातल्या जवानाची एसएलआर एका दाबाला एकच गोळी टाकते. १९७१ चा नायक एसएलआरने धडाधड पाऊस पाडतो तेव्हा तो बंदुकीला नसलेली गोष्ट करायला लावतो. कारगिलची इन्सास एक तर सिंगल मारते, नाहीतर एका दाबाला तीन. तिचं लांब ब्रस्ट ऐकू आलं तर ते आवाजवाल्याने चिकटवलेलं.

मॅगझिन संपणं ही गोष्ट सिनेमावाले अडचण समजतात. खरं तर नाट्य तिथेच असतं. आपल्या कोकणातलंच उदाहरण देतो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी पलटण. १० जुलै १९४४, इटलीत अप्पर टायबर खोऱ्यात. समोरच्या मशीनगनने त्यांच्या सेक्शनमधले सगळे मारले किंवा जखमी केले, उरले हे एकटे. हे तसेच मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकून गन आणि गनर गप्प केला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. पुढे मानपत्रात स्पष्ट लिहिलंय की मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना बटाने मारलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला, वय २२. आता हा प्रसंग सिनेमात घ्यायचा आणि टॉमीगन मात्र कधीच न संपणारी दाखवायची, तर घाडग्यांनी जे केलं त्याला जागाच उरत नाही. तुम्ही युद्धपट बघताना हे बघा : कुणाची तरी गोळी संपते का? संपली तर तो काय करतो?

संपल्यावरचं काम नीट बघण्यासारखं असतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो. एकेची शेवटची गोळी गेली की बोल्ट पुढे येऊन बसतो. ट्रिगर दाबला की एकदा 'टक्' आवाज. एकदाच. हॅमर पडला तो पडला, कॉक केल्याशिवाय, म्हणजे हँडल मागे ओढून सोडल्याशिवाय, पुन्हा पडत नाही. त्यामुळे खलनायकाची एके 'टक् टक् टक् टक्' करते तेव्हा ती एके नसून रिव्हॉल्व्हर असते, कारण तो आवाज रिव्हॉल्व्हर करू शकतो. मग मॅगझिन. एकेचं किंवा एसएलआरचं मॅगझिन खालून सरळ वर ढकलून बसत नाही. पुढचं टोक आधी अडकवायचं आणि मग मागे ओढून घ्यायचं, मागच्या कॅचचा आवाज येईपर्यंत. सिनेमात नव्वद टक्के नट तळहाताने खालून थाप मारतात, पिस्तुलाची सवय. नवीन मॅगझिन बसलं की एके पुन्हा कॉक करावीच लागते, चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, रिकामा असतो ना. ते न करता फायर सुरू झाला तर गुण कापा.

उलट चूक त्याहून विनोदी. नायक बंदूक घेऊन दारातून आत शिरतो, खट्‌खट्, कॉक. जिना चढतो, पुन्हा खट्‌खट्. धमकी देताना आणखी एकदा खट्‌खट्. भजनातल्या टाळासारखं मधूनमधून वाजवतोच आहे. अहो, चेंबरमध्ये गोळी असेल तर प्रत्येक खट्‌खटीला एक जिवंत गोळी बाहेर उडून जमिनीवर पडायला हवी. आणि नसेल, तर एवढा वेळ तो रिकाम्या बंदुकीनिशी शत्रूच्या घरात फिरत होता काय?

.३०३ भरताना जवळून दाखवली तर आवर्जून बघा. पाच गोळ्या एका पत्र्याच्या चार्जर क्लिपमध्ये असतात. बोल्ट मागे, क्लिप वरच्या खाचेत उभी, अंगठा वरच्या गोळीवर बुडाकडे ठेवून एका दमात खाली दाब, क्लिप टाकून दे, दुसरी लाव. ह्या गोळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे गेली की गोळी पुढे सरकत नाही, बोल्ट अडतो, आणि ऐन वेळी रोक पडते. म्हणून गोळ्या क्लिपमध्येच नीट लावून ठेवायच्या. एखाद्या दिग्दर्शकाने खंदकात बसून क्लिपा भरणारा जवान दाखवला, थंडीने बोटं आखडलेली, तर मी उठून सलाम करीन. अजून वेळ आलेली नाही.

एके बघायला तुम्हाला दोन खुणा देतो, बाकी पोरं नेटवर शोधतील. फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या काट्याच्या, भोवतीचं कडं पूर्ण गोल बंद असेल तर चिनी टाइप ५६, म्हणजे आपली बोलीतली एके-५६. वरून उघडं, दोन कान उभे असल्यासारखं असेल तर रशियन घाट. कोकणाला एके-५६ हे नाव सिनेमाने शिकवलेलं नाही. १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर तस्करीने आरडीएक्ससोबत ह्याच रायफली उतरल्या होत्या. दुसरी खूण नळीच्या टोकाला : तिरकं कापलेलं टोक दिसलं तर एकेएम, सपाट असेल तर जुनी. १९६२ च्या लढाईच्या सिनेमात चिनी सैनिकाच्या हाती तिरक्या टोकाची दिसते, तेव्हा ओळखा, बंदूक चुकलीय.

आता बंदूक खरोखर चालतेय की नुसती हलतेय? पॉज करत करत बघा. एकेचा कॉकिंग हँडल उजवीकडे, आणि तो प्रत्येक गोळीला मागे-पुढे होतो. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रं दाखवतो, एके सेकंदाला दहा गोळ्या, म्हणजे दोन-तीन चित्रांत हँडल एकदा जाऊन यायलाच हवा, निदान पुसट तरी. हँडल जागच्या जागी आणि तोंडातून वीतभर ज्वाळा, तर ती आग नंतर काढलेली. एसएलआरला ही परीक्षा लावू नका, तिचा हँडल डावीकडे असतो आणि फायर करताना हलत नाही. तिच्यासाठी उडणारे खोके, म्हणजे रिकामी काडतुसं, बघा. भर उन्हात हातभर ज्वाळा दिसते ती तर सगळी हौस. रायफलच्या तोंडावर फ्लॅश हायडर बसवलेला असतो तो ज्वाळा लपवायला, दिवसा ती जेमतेम दिसते.

धक्का बघा. ब्लँकमध्ये, म्हणजे सिनेमात वापरतात त्या फुसक्या काडतुसात, गोळीच नसते, तोंड चुण्या घालून मिटलेलं असतं, त्यामुळे खांद्याला धक्का नाही. चांगला नट तो धक्का अभिनयाने आणतो, वाईट नट सारं अंग थरथरवतो, वीज लागल्यासारखं. एसएलआरने पहिल्यांदा फायर केलेल्या रंगरुटाचा खांदा दुसऱ्या दिवशी बघितलेला माणूस हे विसरत नाही. वजनही तसंच. चार किलोच्या वरची रायफल घेऊन डोंगर चढणारा माणूस ती एका हातात काठीसारखी नाचवत नाही.

ब्रेन गन म्हणजे आमच्या एलएमजीची आई. तिचं मॅगझिन वर असतं, त्यामुळे साइट मधोमध ठेवून चालत नाही, ती डावीकडे सरकवलेली असते. नटाचा डोळा मॅगझिनच्या मागे लपला तर त्याला समोरचं काहीच दिसत नाहीये. शिवाय ही गन दोघांची. नंबर एक मारतो, नंबर दोन शेजारी पडून मॅगझिन बदलतो आणि नळी तापली की नळी बदलतो. कमरेवर धरून एकटा मारणारा नायक हा पोस्टरचा प्रकार. स्टेन आणि कार्बाइनचं मॅगझिन डावीकडे आडवं. सगळे नट त्याला मूठ समजून धरतात. तसं धरलं की मॅगझिन ढिलं पडतं आणि रोक पडते, उस्ताद तिथल्या तिथे ओरडतो.

आवाज. हे तपासायला कान उघडे ठेवले की पुरे. गोळी आवाजापेक्षा जोरात जाते. एसएलआरची गोळी सहाशे मीटर अंतर साधारण सेकंदात कापते, आवाजाला तेवढ्यालाच पावणेदोन सेकंद लागतात. म्हणजे ज्याच्यावर गोळी झाडली त्याला आधी कानाजवळून 'चट्' ऐकू येतं आणि नंतर लांबून 'ठप्'. ट्रेनिंगमध्ये ह्या दोन आवाजांमधल्या अंतरावरून शत्रू किती लांब आहे ते काढायला शिकवतात. सिनेमात आग, आवाज आणि माणूस पडणं एकाच क्षणी. तोफ किलोमीटरभर लांब फुटली तर आवाज तीन सेकंदांनी यायला हवा. हे पावसाळ्यात वीज बघून मोजणाऱ्या आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

ग्रेनेड थोडक्यात : पिन दाताने ओढू नका म्हणावं, दात येईल, पिन राहील. आणि हातबॉम्ब फुटला की पेट्रोलच्या पिंपासारखा नारिंगी गोळा वर चढत नाही. धूळ, काळा धूर, कानठळ्या आणि तुकडे.

रिकॉइललेस गनवर मात्र जरा थांबा. १९६५ ला खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेसने पॅटन रणगाडे फोडले. ह्या गनला धक्का नसतो, कारण अर्धी आग मागच्या बाजूने निघून जाते. म्हणून मागे कुणी उभं राहता कामा नये, आणि फायर झाल्यावर मागे धुळीचा प्रचंड लोट उठायला हवा. त्या लोटाने जागा उघडी पडते, म्हणून एक-दोन फायर करून जीप हलवतात. सिनेमात जीप एका जागी, मागे दोन जवान टाळ्या वाजवतायत. ते दोघे खऱ्या आयुष्यात घरी गेले नसते. रॉकेट लाँचरचीही तीच गत, त्यात खोलीच्या आत भिंतीला पाठ लावून मारणारे वेगळेच.

शिवकालीन किंवा पेशवाईतला पट असेल तर आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाला फसवणं कठीण, कारण ठासणीची बंदूक इथे अजून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघर दिसते, डुकर-माकडांसाठी. दारू, वर बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासणं, कॅप लावणं. सरावाचा माणूसही मिनिटाला दोन-तीनच्या वर जात नाही. म्हणून पडद्यावरचा मावळा लागोपाठ चार बार काढतो तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसंही हसतात. त्या काळात सर्रास तोड्याची बंदूक, म्हणजे पेटता दोर दिसायला हवा. मुसळधार पावसातल्या लढाईत तोडा विझायला हवा. आणि काळ्या दारूचा पांढरा धूर एवढा की दुसऱ्या बाराला समोरचं दिसू नये. सिनेमात धूर कुठेच नाही, कारण नायकाचा चेहरा दिसायला हवा. तेवढं मी समजू शकतो.

एक सावधगिरी. आजचे नियम जुन्या काळाला लावू नका. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर ठेवायची शिस्त आज काटेकोर आहे, जुन्या फोटोंत तसं नेहमी दिसत नाही. उलट १९७१ चा जवान डावा हात नळीवर सरळ ताणून, आजच्या कमांडोसारखा उभा राहिला तर तो चुकीचा. बंदुका चकचकीत दिसल्या तरी शंका घ्या. समुद्रकाठच्या हवेत लोखंडाला एका रात्रीत तांब चढतो, म्हणून आम्ही तेलाची चिंदी कायम खिशात ठेवत असू. वापरातल्या बंदुकीचा काळा रंग कडांवर उडालेला असतो, लाकूड हात लागतो तिथे काळपट झालेलं असतं.

पडताळा घ्यायचा तर दुसऱ्या सिनेमावरून घेऊ नका, चूक चुकीला साक्ष देते. त्या सालचे फोटो बघा, शौर्यपदकांची मानपत्रं वाचा, त्यांत हत्याराचं नाव बऱ्याचदा असतं. जमलं तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं संग्रहालय, अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघा. फोटो बघताना आधी .३०३ चा बोल्ट शोधा. तो नेहमी उजवीकडे असतो. डावीकडे दिसला तर फोटो उलटा छापलाय. मग त्यातलं बाकी सगळंही आरशात धरून वाचा, बिल्ले कुठल्या खांद्यावर, पदकं कुठल्या बाजूला. सिनेमातही कधीकधी एखादा शॉट असाच उलटवून लावलेला सापडतो.